दिवस बुडायच्या आत

राजश्रीने यंत्र उताणे केले, तशी त्याची दोन चाके क्षणभर हवेत फिरली आणि थांबली. सोप्यातल्या फरशीवर तिने जुन्या कॅलेंडरचे पान कोरी बाजू वर करून अंथरले होते. शेजारी झिजलेला टूथब्रश, छोटी कात्री, कोरडे फडके. रविवारचे कोवळे ऊन उंबरा ओलांडून आत आले होते आणि पानाच्या कडेशी थबकले होते.

पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत तिच्या सासूबाई, शालनबाई, चष्मा पुसून तयार बसल्या होत्या. खुर्चीला टेकून यंत्राचे रिकामे खोके. ते त्यांनी सकाळीच माळ्यावरून काढवून घेतले होते.

"आत्ती, खोकं कशाला?"

"असू दे. एक जरी जीव मेल्याला घावला, की ह्यात घालून परत. ठरलंय आपलं."

ठरले होते खरे. शालनबाईंच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, म्हणून त्यांच्या मुलाने हे घर झाडणारे यंत्र आणले होते. त्याआधी त्यांच्या हातात मऊ केरसुणी असे. मुंगी दिसली की तो हात थांबत असे. यंत्राला थांबणारा हात नव्हता. आज ते खोक्यात गेले, तर उद्या त्या पुन्हा वाकणार, हे राजश्रीला पक्के ठाऊक होते. केरसुणी अजून दाराआड उभीच होती.

"कोर्ट भरलं म्हणा की," पेपराआडून सासरे बाबगोंडा म्हणाले. "आरोपी उताणा हाय."

"तुम्ही गप बसा वो."

राजश्रीने गोल ब्रश ओढून काढला. त्यावर लांब काळे आणि आखूड पांढरे केस एकाच दोरीत वळले गेले होते. तिने कात्रीने ती दोरी उभी कापली.

"बघा, ह्यात माझ्यापरीस तुमचंच जास्त."

"पिकल्यालं गळतंयच. तुझं कवळं असून गळालंय, त्याचं बघ."

तिने चाकांच्या खाचा टूथब्रशने घासल्या. यंत्राचे बारके डोळे फडक्याने पुसले, एखाद्या झोपाळू मुलाचे पुसावेत तसे. केराची डबी तिने सर्वांत शेवटी काढली आणि पानावर हलकेच पालथी केली.

करड्या धुळीचा एक गोळा पडला. त्यात शेंगदाण्याची सालपटे, रांगोळी, एक टिकली. आणि साखर. देवघराच्या उंबऱ्याशी मुंग्यांसाठी रोज चिमूटभर साखर कोण ठेवते, हे तिघांनाही माहीत होते.

मग गोळा हलला. त्यातून एक मुंगी बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. एकीच्या तोंडात साखरेचा कण अजून तसाच होता. पांढऱ्या पानावरून त्या उन्हाच्या दिशेने निघाल्या. शालनबाई खुर्चीतूनच पुढे झुकून एकेकीला वाटेला लावत होत्या. "जा गं. जा बाई."

एक मात्र गेली नाही. राजश्रीने टूथब्रशच्या एका केसाने तिला शिवून पाहिले. पुन्हा पाहिले. गल्लीतून भाजीवाला आधी कानडीत, मग मराठीत ओरडत गेला.

शालनबाईंचा हात खोक्यावर पडला.

"आत्ती, चूक त्याची न्हाय, माझी हाय. कॉलेजातनं यायला उशीर हुतोय, म्हणून त्याला रातची येळ मीच लावलीया. आपण निजल्यावर फिरतंय ते."

"अंधारात?"

"त्याला अंधारातबी दिसतंय की."

"भिंत दिसती. मुंगी दिसती का?"

बाबगोंडांनी पेपराची घडी घातली.

"रातचं जेवल्यावर आणि काय हुणार? आपण जेवलो असतो, तर आपल्याबी पोटात गेली असती."

त्यांनी ते गमतीने म्हटले होते. पण या जैन घरात सूर्य मावळल्यावर कुणी तोंडात घास घातला नव्हता, तो नेमक्या याच भीतीने. शालनबाईंनी त्या उताण्या, मुकाट यंत्राकडे पाहिले.

"त्याला सांगितलंतंस तू हे?"

"काय?"

"रातचं खायाचं न्हाय म्हणून."

"न्हाय."

"मग त्याला काय ठावं." खोक्यावरचा हात उचलला गेला. "दिवसाची येळ लाव. आधी मी खुर्चीतनं बघून देणार, मग सोडायचं. आणि साखर आजपासनं भाईर, पेरूच्या झाडाखाली. तीबी माझीच चूक."

पेरूच्या पानावर ठेवून ती मुंगी झाडाच्या बुंध्याशी नेली गेली. शालनबाईंचे ओठ णमोकार मंत्र म्हणत हलले. राजश्रीने फिल्टर धुऊन सावलीत वाळत घातला. खोक्यावर बाबगोंडांनी पाय पसरले.

संध्याकाळी तंबाखूच्या वखारींच्या पत्र्यांमागे सूर्य उतरू लागला, तेव्हा ताटे मांडली गेली होती. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. राजश्री आपले ताट घेऊन बसणार, इतक्यात शालनबाईंचा पहिला घास हातातच थांबला. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"अगं राजश्री, फिल्टर वाळला का त्याचा?"

"वाळलाय की. का?"

"जिमीन बघून ठिवलीया मी, काय न्हाय. तू मागनं बस. आधी त्याला सोड बाई. दिवस बुडाय आला, उपाशी ऱ्हाईल ते."