पुढच्या भागासाठी

"डार्विन बंदराच्या धक्क्यावर बाबांना कुणी पाहिलंच नव्हतं. हो ना, आई?"

टॅम्सिनच्या हातात गाडीची किल्ली अजून तशीच होती. मेलबर्नहून आईच्या गावी, पोर्ट लिंकनपर्यंत, ती जवळजवळ न थांबता आली होती. तिची आई, मर्ल, स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. केस नीट विंचरलेले, ओठांना लिपस्टिक. लेक माइक घेऊन येणार म्हटलं की ती अशीच तयार होऊन बसायची.

"आधी दोन घास खा," मर्ल म्हणाली. "मासा गार होतोय."

टॅम्सिनचा पहिला सिनेमा कुणी पाहिला नव्हता. पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाने रद्दीत घातल्या. चाळिशी उलटल्यावर तिने हाताशी उरलेली एकच गोष्ट सांगायला घेतली. ती लहान असताना बोटीने ट्यूना मासे पकडायला गेलेले आणि परत न आलेले बाबा. पॉडकास्ट सुरू झाला. आई बोलायची, ती रेकॉर्ड करायची. त्यासाठी दर वेळी इथवर यावं लागे, कारण फोनवर मर्लला काही म्हणजे काही आठवत नसे. समोर बसली की मात्र आठवायचं. बोट निघण्याआधीचं भांडण. मग एक निनावी फोन. मग बोट बुडाल्यावर कितीतरी वर्षांनी बाबांना डार्विनला पाहिलेला टॉमकिन्स नावाचा खलाशी. लोक कान टवकारून ऐकू लागले. एका निर्मात्याने त्यावर सिनेमा करायचं ठरवलं.

आणि परवा टॉमकिन्सच्या मुलीने जाहीर लिहिलं, की तिचे वडील डार्विनच्या त्या प्रसंगाच्या कितीतरी आधीच वारले होते. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालणारी ही बाई कोण? तेव्हापासून निर्माता फोन उचलत नव्हता. कालपर्यंत वाहवा करणारे टॅम्सिनला शिव्या घालत होते.

"माझं सगळं संपलं, आई. आता मला कुणी दारातही उभं करणार नाही. निदान आता तरी खरं बोल. ते भांडण?"

"नव्हतं झालं. भांडायला तुझा बाप घरी असायचा कुठे?"

"आणि तो फोन?"

मर्लने नकारार्थी मान हलवली.

टॅम्सिनने किल्ली टेबलावर टाकली.

"मग बाबांचं झालं काय?"

"वारा सुटला, बोट उलटली, बुडाला. तुला ठाऊक होतं तेच."

"मग का, आई? माझं वाटोळं करून तुला काय मिळालं?"

मर्लने माशाची ताटली तिच्याकडे सरकवली.

"खरं तेवढंच सांगितलं असतं, तर एका भागातच आटोपलं असतं गं," ती म्हणाली. "पुन्हा कशाला आली असतीस तू?"