रिकामा आलेला डबा

भांडण मिटावं म्हणून जवळच्याच तिरुनागेश्वरम गावातल्या अक्काला मी फुलवाल्याच्या हाती पुरणपोळ्या पाठवल्या. डबा रिकामाच परत आला. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. अक्काचा राग गेलेला नाही, मी समजले. शेजारी नात दिव्यश्री लॅपटॉपवर चिडली होती. "आजी, क्लॉड या एआयकडून रिकामं उत्तर आलं की माझा प्रोग्राम कोसळतो." "रिकामं उत्तर? म्हणजे नकार?" "नाही गं, काम झालं. फक्त सांगण्यासारखं काही नव्हतं. आत मजकूर असणारच, असं मीच धरून चालले. आधी बघायला हवं होतं." मी अक्काला फोन लावला. "पोळ्या मिळाल्या?" "कालच फस्त केल्या!" "मग डबा रिकामा का?" "पाय सुजलाय गं. दुकानापर्यंत जाववत नाही. घरात साखरच नाही." मी फोन ठेवला. "दिव्या, ते राहू दे. आधी रिक्षा बोलाव."