बाराव्यांदा ऑरिनचं नाव

"गोळ्या राहू दे तिथेच," ऑरिन म्हणाला. "आता कशाला लागतायत?"

कागदी वाटीतल्या हृदयाच्या गोळ्या सकाळपासून तशाच पडून होत्या. वृद्धाश्रमाची नर्स दोनदा येऊन ओरडून गेली, पण हा ढिम्म. खिडकीशी खुर्चीत बसून तो मर्लला आपली पँट इस्त्री करताना बघत होता.

"आज मतदान आहे म्हणून गोळ्या बंद? हा कुठला न्याय?"

"डॉक्टरने एका वर्षाची मुदत दिली होती, मी अकरा काढली. का? नाव संघाच्या मानाच्या भिंतीवर लागल्याशिवाय मरायचं नाही म्हणून. आज लागतंय. म्हणजे मी सुटलो."

साठ वर्षांपूर्वी पेलिकन्स या बेसबॉल संघात ऑरिन चेंडू टाकायचा आणि मर्ल कॅचर म्हणून तो झेलायला त्याच्या समोर उकिडवा बसायचा. ऑरिनची बायको केव्हाच गेली होती. मर्लने लग्नच केलं नव्हतं. एकमेकांशिवाय दोघांना आता कुणी उरलं नव्हतं.

"आपल्या संघातल्या गसचं बघ ना," ऑरिन म्हणाला. "जुलैत मानाचा निळा कोट मिळाला, ऑगस्टमध्ये झोपेतच गेला. कोटासकट पुरला त्याला. माणसाने असं जावं."

"गसला पहिल्यापासून घाई फार."

"असेल. पण भिंतीवर आहे ना गडी. आणि यंदा माझ्या आडवं यायला डेलमार नाही."

डेलमारने एका अंतिम सामन्यात अगदी हातातला झेल सोडला होता. ऑरिनने सगळ्यांदेखत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. संघाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या मानाच्या भिंतीवर, जायचं तर नऊ जुन्या खेळाडूंचं मत लागे, आणि नऊच्या नऊ होकार यावे लागत. ऑरिनला दर वर्षी आठ यायचे. नकार कुणाचा, हे विचारायचं नाही असा नियम होता. पण गावाला विचारायची गरज वाटली नाही. दुकानात, चर्चमध्ये लोक डेलमारकडे पाठ फिरवू लागले. बिचारा मार्चमध्ये गेला, तेव्हा दफनाला जेमतेम सहा माणसं होती.

दुपारी मैदानाच्या प्रेक्षागृहाखालच्या खोलीत मर्लसकट मत देणारे नऊही जण जमले. मेलेल्याची खुर्ची त्याच्या बायकोला द्यायची रीत होती, म्हणून डेलमारच्या जागी त्याची नोला येऊन बसली. प्रत्येकाला एक भाजलेली शेंग आणि एक रिकामं टरफल मिळालं. हो म्हणायचं तर शेंग टाकायची, नाही म्हणायचं तर टरफल. उरेल ते आपल्या खिशात.

"मी या वेळी कोट आधीच शिवून आणलाय," सचिव ग्लेनिस म्हणाली. "मापाला सैल झाला तर मला बोलायचं नाही. म्हातारा रोज वाळत चाललाय."

सगळे हसले. कॅचरचा जुना ग्लोव्ह, वर रुमाल टाकलेला, हातोहात टेबलाभोवती फिरला. ग्लेनिसने तो उपडा केला.

आठ शेंगा पडल्या, आणि एक टरफल.

एकेक नजर नोलाकडे वळली.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मी शेंग टाकली."

"नवरा गेला, पण राग काही जात नाही बाईचा," कुणीतरी पुटपुटलं. ग्लेनिसने कोट घडी करून पिशवीत घातला. नोला पर्स उचलून बाहेर पडली, तिला थांब म्हणायला कुणी उठलं नाही.

मर्ल वृद्धाश्रमात पोचला तेव्हा ऑरिन इस्त्रीची पँट घालून, केस विंचरून तयार बसला होता.

"किती?"

"आठ."

ऑरिन रडला. चारचौघांत कधी डोळ्यांत पाणी न आणणारा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मर्लला ते बघवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी तो उभा राहिला.

"नोलानेच ना?" ऑरिनने विचारलं.

"विचारायचं नाही."

"म्हणजे अजून वर्षभर रखडायचं."

"एकच वर्ष. मी आहे ना."

"तू असून काय उपयोग, डोंबलाचा." ऑरिनने बाहीने नाक पुसलं. मग हात पुढे केला. "दे ती वाटी इकडे. मेलो तर पुढच्या वर्षी कोट काय तू घालणार?"

मर्लने पाण्याचा ग्लास धरला. ऑरिनने एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या, कडू तोंड केलं, आणि थोड्या वेळाने खुर्चीतच डोळे मिटले. त्याच्या पायांवर पांघरूण टाकून मर्ल बाहेर आला.

दाराजवळच्या बाकावर नोला बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मला आत जाऊ दे," ती म्हणाली. "त्याला एकदा तोंडाने सांगते."

"झोपलाय तो."

"मी शेंगच टाकली रे, मर्ल. देवाशपथ."

"ठाऊक आहे मला."

तिने मान वर केली. "तुला कसं ठाऊक?"

मर्ल तिच्याशेजारी बसला. तिच्याकडे न बघता त्याने खिशातून आपली न टाकलेली शेंग काढून बाकावर ठेवली.

"डेलमारही दर वर्षी शेंगच टाकायचा, नोला."