परवडत नाही ती बढती

ओल्टमन्सबाईंनी दुसरा कप भरला तेव्हाच एन्नोच्या लक्षात आलं, की आपली पगारवाढ चहात विरघळायला लागली आहे.

ढगाळ उत्तर किनाऱ्यावरची, छपरांवर सोलर पॅनल बसवायची ती कंपनी. मालकीणबाई स्वतःच्या हातानं चहा दोघांनाच पाजत: मोठ्या गिऱ्हाइकाला, नाहीतर पगाराचा विषय काढणाऱ्या कामगाराला. गरम चहा पडताच कपातली खडीसाखर तडतडली. बाईंनी वर साय सोडली.

"या धंद्याला भविष्य आहे रे एन्नो. सूर्य काही कुठं पळून जात नाही."

"आपल्याकडं तो येतोच कुठं फारसा? आणि बाई, मी भविष्याचं नाही विचारत. महिनाअखेरीचं विचारतोय."

सकाळी निघताना वीब्केनं, दिवस भरत आलेलं पोट दारात आडवं धरून, नवऱ्याला बजावलं होतं: या वेळी आकडा घेऊन ये, शब्द नको. मोठ्या घराच्या करारावर सह्या झाल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून त्याचं भाडं सुरू.

शब्द घरात पुष्कळ झाले होते. पहिल्यांदा वाढ मागितली तेव्हा एन्नो 'पथकप्रमुख' झाला. दुसऱ्यांदा 'वरिष्ठ पथकप्रमुख'. त्याचं बघून हाउकेनं वाढ मागितली, तो 'छप्परप्रमुख' झाला. त्यार्कनं मागितली, तो 'सुरक्षाप्रमुख'. पथकात माणसं तीन आणि तिघंही प्रमुख. पॅनल वर कुणी चढवायचं यावर रोज सकाळी बैठक बसे.

त्यात, बढती मिळालेल्यानं दुसऱ्या दिवशी अख्ख्या कंपनीला न्याहारी द्यायची, हा तिथला जुना दंडक. तिकडच्या रीतीनं पावावर कच्चा खिमा थापायचा, वर कांदा. ऑफिसातले येत, गोदामातले येत, एरवी वर्षभर न दिसणारा बाईंचा मेहुणाही येई. दोन बढत्यांत एन्नोची कमाई होती तिथंच राहिली. खाटकाची तेवढी वाढली.

बाईंनी खण उघडून एक नवंकोरं जॅकेट काढलं आणि पाठीवरची अक्षरं त्याला दिसतील असं टेबलावर पसरलं.

"किनारपट्टीचा मुख्य पथकप्रमुख," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकावर वजन पडतं अशानं."

"माझ्या हाताखाली कोण?"

"किनारपट्टी."

एन्नोनं बोटांनी कापड चाचपलं. कापड चांगलं होतं, पाऊस आत येणार नाही असं. बाईंनी तिसऱ्या कपासाठी किटली वाकवली.

"ही बढती राहू द्या, बाई," तो म्हणाला. "मला परवडत नाही."

आणि त्यानं चमचा कपात उभा केला.

कपात चमचा म्हणजे चहा पुरे, हे त्या मुलखात पोरांना चालायच्या आधी कळतं. पण तिसरा कप व्हायच्या आत चमचा ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. बाईंची किटली वाकलेली तशीच हवेत राहिली. त्यांच्या टेबलावर आजवर हे कुणी केलं नव्हतं. करवसुलीच्या माणसानंसुद्धा तिन्ही कप घेतले होते.

"ताशी एक युरो," बाई शेवटी म्हणाल्या.

"दोन."

"दीड. आणि हे हाउके-त्यार्कला कळता कामा नये."

एन्नोनं मान डोलावली. जॅकेट परत खणात गेलं, तशाच आणखी तीन-चार घड्यांवर. खरा, सुटा, शब्दाविना आकडा घेऊन तो उठायला लागला.

"अरे, पण पगार वाढला म्हणजे बढतीच की," बाई म्हणाल्या. "उद्याची न्याहारी तुझी. माझ्या पावावर कांदा जास्त घाल."

"पण कुणाला कळता कामा नये ना?"

"न्याहारीला कारण कोण विचारतंय?"

एन्नो पुन्हा खाली बसला. मनातल्या मनात त्यानं हिशेब करत खाटकाचं दुकान एकदा फिरून घेतलं. मग कपातला चमचा काढला, पुसला, बशीत ठेवला आणि कप पुढं सरकवला.

"ओता मग," तो म्हणाला. "साय जरा जास्त घाला."