एकवीरेचा उपास

"भामा, डबा उघड."

सुमतीबाई बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. आज सकस आहाराची तपासणी. वर्गाचं दार बंद. एरवी बुधवारी ती पोट दुखतंय म्हणून नळाकडे सटकायची. मंगळवारी गणपतीचा उपास सांगायची, शुक्रवारी संतोषीमातेचा. घरी सुकी मासळी रांधली की भामाला शाळेत देव आठवायचे! रोडपालीला घरी परतताना डबा मांजरांपुढे उपडा करायचा, आणि आईनं "जेवलीस काय गो?" विचारलं की हसून हो म्हणायचं. आतडी पिळवटत असली तरी.

फळ्याशेजारच्या तक्त्यावर दूध, डाळी, अंडी आणि एक गुबगुबीत मासा काढलेला होता. "प्रथिनं कशात?" असं बाईंनी विचारलं की अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "मासे!" पण शाळेच्या पहिल्या आठवड्यात भामानं डब्यात बोंबील आणले, तेव्हा याच वर्गानं "ईईई" केलं होतं. सगळ्यांत आधी तोंडावर रुमाल धरला होता शेजारच्या ऋचानं. नव्या पनवेलच्या कॉलनीतली, कडक इस्त्रीची ऋचा.

"बाई, माझा उपास हाय."

"बुधवारी? कुठल्या देवाचा गं?"

वर्ग खिदळला. भामाला एकही देव आठवेना. तिनं पिशवीची गाठ मुठीत आवळली. बाईंचा हात पुढे आला.

"एकवीरा आईचा, बाई," ऋचा म्हणाली. "माझापण आहे." आणि तिनं स्वतःचा भेंडीचा डबा फटकन मिटला.

"बरं. मग उपासवाल्यांनी बाहेर बसा."

पाण्याच्या टाकीमागे पोचताच ऋचानं भामाची पिशवी ओढली. "सोड गाठ. सुका जवळा आहे ना? कांदा घालून?"

"एकवीरा तर आमची!"

"आमचीपण कुलदेवी आहे. बुधवारी घरी मासेच असतात. डब्यात मात्र आई भेंडी कोंबते. म्हणे, शाळेत लोक काय म्हणतील!"

भाकरीचा मोठा तुकडा मोडून ऋचानं जवळा भरला. भामाचा हात डब्यावरच थबकला होता.

"मग तवा नाक कशाला दाबलंस?"

"नाक कुठे दाबलं?" ऋचा भरल्या तोंडानं म्हणाली. "तोंडाला पाणी सुटलं होतं गं, ते पुसत होते!"