भूकंपातले भाऊ

"मैदानात उतरायचं तर आधी माइकवर सांग, पेपरवाल्यानं उलटंसुलटं छापलं म्हणून," गावच्या क्लबचा अध्यक्ष सत्यम म्हणाला. "न्हाई जमलं तर आल्या पावली परत जा."

 लातूरच्या गल्लीतून थेट कोलकात्याच्या मोठ्या फुटबॉल क्लबात गेलेला शहेबाज पहिलाच. गेल्या महिन्यात त्याने जाहीर सांगितलं होतं, माझं प्रेम एका पुरुषावर आहे. आता गावच्या मैदानावर एकदा खेळावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो उठून व्यंकट सरांच्या घरी गेला. पोराच्या पायात चेंडू दिसला की बाप ट्यूशन लावून मोकळा होतो, अशा लातुरात सरांनी त्याला फुटबॉल शिकवला होता. त्याच्या लेखी सर म्हणजे देवमाणूस.

सर आणि गुरुबसप्पा या भूकंपातल्या भावांची गोष्ट सगळ्या लातूरला पाठ होती. आख्खं खेडं गाडलं गेलं आणि हे दोघंच जिवंत निघाले. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक चूल मांडली, ती आजतागायत एकच. सख्खे भाऊ बांधासाठी डोकी फोडतात, आणि हे बघा! भांडणाऱ्या लेकांना आया या दोघांचाच दाखला द्यायच्या.

गुरुबसप्पांनी चहा ठेवला.

"सर, खोटं बोलू का?" शहेबाजने विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं करतो."

 सर गुरुबसप्पांकडे वळले. "काय म्हणतोस?"

"मला काय विचारून राहिलास? सांगून टाक पोराला."

"एकट्या पोराला न्हाई. उद्या मैदानावरच सांगतो."

शहेबाजने चहा तसाच खाली ठेवला. चारचौघांत सरांनीही झिडकारलं तर जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरलं. सत्यमने शहेबाजपुढे माइक धरला. तो सरांनीच घेतला. गुरुबसप्पा त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. 

"पोरगं खरं बोललं. त्याला खेळू द्या," सर म्हणाले. "खरं बोलायला लई मोठी छाती लागते, मला झाली न्हाई. शेडमधल्या लोकांनी जो समज करून घेतला, त्याला आम्ही 'हाव, खरं हाय' म्हणालो. तसं न्हाई म्हणून सांगायला आमच्या गावचं कुणी उरलंच नव्हतं."

त्यांनी शेजारचा हात हातात घेतला.

"हा गुरुबसप्पा माझा भाऊ न्हाई."