बाग तिच्या नावावर

कायद्याप्रमाणे नोटरीबाईंना करार मोठ्याने वाचून दाखवणं भाग होतं. त्या एकेक कलम वाचत होत्या आणि लुत्सिना खुर्चीत अवघडून बसली होती. आजपासून नवरा-बायकोची मिळकत वेगळी. लग्नानंतर दोघांनी मिळून उभी केलेली सफरचंदाची बाग, शीतगृह आणि घर पत्नीकडे. पतीकडे ट्रॅक्टर आणि मोटार.

तिच्या शेजारी बसून तिचा नवरा झेनोन मांडीवर टोपी ठेवून ऐकत होता. लग्नकार्यात घालायचा कोट घालून आला होता. त्याला दारू सोडून चौदा महिने झाले होते. कागद लुत्सिनाने त्याआधीच करायला टाकले होते, तो पिऊन ट्रॅक्टरसकट खड्ड्यात गेला त्या आठवड्यात. मग त्याने सोडली आणि कागद तसेच पडून राहिले. गेल्या महिन्यात तिनेच नोटरीबाईंना फोन केला. झेनोनला म्हणाली, "कराच्या दृष्टीने बरं पडतं."

"झेनोनसाहेब, अर्थ कळला ना?" बाईंनी विचारलं.

"कळला की."

"तुमच्या शब्दांत सांगा बघू."

"मी परत प्यायला लागलो, तर बाग पिऊन टाकता येणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असं यात कुठे लिहिलेलं नाही."

"लिहिलं नसेल. पण आहे ते तेच."

लुत्सिनाचे कान तापले. "झेनोन, राहू दे. नंतर बघू. घाई कसली आहे?"

"आता कशाला राहू दे? तुझ्या जागी मी असतो तर पाच वर्षांपूर्वीच केलं असतं."

तो रागावला नव्हता. तेच तिला सोसवेना. त्याने सावकाश सही केली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. 'नको' म्हणायला तिच्याकडे तेवढा एक क्षण होता. तिने सही केली.

परतताना गाडी त्यानेच चालवली. बागेच्या कडेला आल्यावर त्याने गाडी थांबवली. फेब्रुवारीतली झाडं उघडीबोडकी उभी होती.

"सोमवारी छाटणीला लागतो," तो म्हणाला. "तळ्याकडच्या दोन ओळी काढून नवी कलमं लावावीत असं मनात होतं. काढू का?"

आवाजात टोमणा नव्हता. काच खाली करून, झाडांकडे बघत, तो तिच्या परवानगीसाठी थांबला होता.